जहाज कळलं, साल कुठलं?

जुन्या जहाजाची लहान प्रतिकृती करायला घेताना मी सगळ्यात आधी साल ठरवते. माप, लाकूड, रंग हे सगळं त्याच्यामागून. लाकडी जहाज पन्नास-साठ वर्षं पाण्यात राहिलं तर तेवढ्या काळात ते कितीदा तरी गोदीत चढतं. डोलकाठ्या बदलतात, तोफा कमी-जास्त होतात, पिछाडी नव्यानं बांधली जाते. म्हणून कुणी ‘हुबेहूब केलंय’ असं म्हणालं की मी विचारते, कुठल्या सालचं? बहुतेक वेळा उत्तर मिळत नाही आणि मला मनापासून वाईट वाटतं, कारण समोर कितीतरी महिन्यांची मेहनत दिसत असते.

मी फोर्टमधल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्टिंग करते. घरी, भांडुपला, खिडकीजवळच्या टेबलावर जहाजं. नकाशा वाचायची सवय असल्यामुळे असेल, पण मला या छंदात सुबकपणापेक्षा पुराव्याची ओढ जास्त आहे. हा तुकडा इथे का आहे, कुणी पाहिला, कुणी मोजला, हे कळल्याशिवाय हात पुढे जात नाही.

आता ‘ट्रिंकोमाली’चंच घ्या. मुंबईत राहणाऱ्या प्रत्येकाला हे नाव ठाऊक असायला हवं असं मला वाटतं. सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये मुंबईत आले, १७५० मध्ये इथे सुकी गोदी झाली आणि पुढे त्यांच्या घराण्यानं एकामागून एक सागवानी जहाजं बांधली. लायन गेटच्या आत, आज जिथे नौदलाची गोदी आहे, तिथेच. १२ ऑक्टोबर १८१७ ला जमशेटजी बोमनजींच्या हाताखाली तयार झालेली ‘ट्रिंकोमाली’ ही फ्रिगेट, म्हणजे तीन डोलकाठ्यांची वेगवान युद्धनौका, पाण्यात उतरली. दोनशेहून जास्त वर्षं झाली, ती अजून तरंगते आहे, इंग्लंडमध्ये हार्टलपूलला. म्हणजे जहाज शाबूत, इंग्रजांच्या दप्तरात कागद शाबूत, गेल्या शतकातल्या दुरुस्तीची माहिती शाबूत. प्रतिकृती करणाऱ्याला आणखी काय हवं?

पण इथेच खरी परीक्षा असते. १८४५ मध्ये तिच्या तोफा बदलल्या, संख्या कमी करून जास्त माऱ्याच्या बसवल्या, पिछाडीचा आकारही बदलला आणि तिचा वर्ग फ्रिगेटवरून कॉर्व्हेटवर, म्हणजे एक पायरी खालच्या युद्धनौकेवर, आला. त्याआधी, १८१९ मध्ये पोर्ट्समथला पोचल्यावर, ती कितीतरी वर्षं राखीव म्हणून नुसती उभीच होती. मग मुंबईतून निघालेलं जहाज करायचं असेल तर १८४५ नंतरची पिछाडी चालणार नाही, आणि पॅसिफिक महासागरातली कॉर्व्हेट करायची असेल तर १८१७ च्या तोफा चालणार नाहीत. लोक काय करतात? आजच्या जहाजाचे फोटो बघून डेक करतात, जुना आराखडा घेऊन सांगाडा करतात आणि तोफा बाजारातल्या तयार किटमध्ये येतील त्या. तयार होतं ते देखणं असतं, पण अशा रूपात ते जहाज कुठल्याच दिवशी समुद्रावर नव्हतं.

आराखड्यांचीही एक गोष्ट आहे, ती मी प्रत्येकाला सांगते. मुंबईत बांधायच्या जहाजांचे आराखडे घेऊन ‘जावा’ नावाची ब्रिटिश फ्रिगेट निघाली होती. तिच्यावर मुंबईचे नेमलेले गव्हर्नरही होते. डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’नं ती जिंकली आणि पेटवून दिली. आराखडे गेले. ‘ट्रिंकोमाली’साठी पुन्हा नकला पाठवाव्या लागल्या. ‘वेलस्ली’ या ७४ तोफांच्या जहाजाचं तर नशीबच बदललं. ते बांधायचं ठरलं होतं ‘ब्लॅक प्रिन्स’ या दुसऱ्या जहाजाच्या आराखड्यावर. आराखडा हाती नाही, म्हणून मुंबईतच १८१३ मध्ये बांधून झालेल्या ‘कॉर्नवॉलिस’च्या रेषांवर, म्हणजे तिच्या सांगाड्याच्या आकारावर, ते उभं केलं आणि १८१५ मध्ये पाण्यात सोडलं. पुढे १९४० मध्ये, टेम्स नदीत, जर्मन विमानांच्या हल्ल्यात ते बुडालं. मुंबईच्या सागवानाची सव्वाशे वर्षं! हुकूमनाम्यात लिहिलेल्या ‘ब्लॅक प्रिन्स’च्या आराखड्यावर विसंबून कुणी ‘वेलस्ली’ करायला घेतली तर अगदी कणा, म्हणजे तळाची लांब तुळई, ठेवण्यापासून ती चुकणार. कागद खरा असतो, पण कागदावरचं प्रत्यक्षात बांधलं गेलं का, हे वेगळं तपासावं लागतं. आमच्या धंद्यात मंजूर नकाशा आणि उभी इमारत यांत जो फरक असतो, तोच.

‘ट्रिंकोमाली’च्या वंशावळीबद्दल एवढंच सांगते की तिच्या वर्गाच्या रेषा मूळ फ्रेंच ‘एबे’ या फ्रिगेटवरून घेतलेल्या, जी ब्रिटिशांनी १७८२ मध्ये पकडली. रेषा फ्रेंच, आराखडा इंग्रज, लाकूड मलबारचं, बांधणारे पारशी. पाण्याखालचा आकार नीट कापला तर ती फ्रेंच कमनीयता हाताला कळते. मी हे जहाज एका फुटाला अष्टमांश इंच या मापानं केलं, म्हणजे एकास शहाण्णव. दीडशे फुटांचा तोफांचा डेक दीड फुटाच्या जरासा वर जातो.

या मापात काही गोष्टी विचित्र वागतात. जहाज सागवानी होतं म्हणून प्रतिकृती सागवानाची करावी, असं कुणालाही वाटेल. मी करू देणार नाही. सागाचे रेषे जाड, छिद्रं मोठी. शहाण्णव पटींनी लहान केलेल्या फळीवर ते छिद्र मुठीएवढं दिसतं. सागवानी जहाज खरं दिसायला हवं तर साग सोडून द्यायला लागतो. युरोपातली मंडळी बॉक्सवुड आणि पेअरवुड वापरतात. मी रे रोडच्या वखारींतून हेद आणते, तिथे त्याला हळदू म्हणतात. पिवळसर, एकसारख्या बारीक रेषेचं, धार लागली की लोण्यासारखं कापलं जातं. त्यावर फिकट तेलाचा एक हात दिला की डेक बोलायला लागतो.

दोरांच्या बाबतीत तर अर्धं जग फसतं. जुन्या नोंदींत आठ इंची दोर लिहिलेला असेल तर ते आठ इंच घेराचे असतात, व्यास जेमतेम अडीच इंच. माझ्या मापात तो दोर साधारण ०.६७ मिलिमीटर जाडीचा हवा. आठ इंच हा व्यास समजून केलात तर २.१ मिलिमीटरचा होतो, तिपटीहून जाड, आणि फ्रिगेटच्या डोलकाठ्यांना चाळीतल्या वाळवणाच्या दोऱ्या बांधल्यासारखं दिसतं. शिवाय डोलकाठ्या धरून ठेवणारे कायमचे दोर डांबरलेले, काळपट. शिडं ओढायचे दोर फिके. नांगराचा मोठा दोर तीन दोर एकत्र वळून होतो, त्यामुळे त्याचा पीळ इतरांच्या उलट्या दिशेचा. बाजारातला तयार दोरा एकाच पिळाचा मिळतो. म्हणून मी दोर घरीच वळते. गॅलरीच्या दोन टोकांना आकडे लावलेत आणि हातानं फिरवायचं एक लहानसं यंत्र आहे. सासूबाई एका टोकाला बसून पीळ मोजतात, त्यांची नजर माझ्यापेक्षा पक्की आहे.

तांब्याचे पत्रे हा आणखी एक मोहाचा भाग. जहाजाच्या बुडाला किडे लागू नयेत म्हणून तांबं मढवायचे. एक पत्रा चार फूट लांब, चौदा इंच रुंद. माझ्या मापात तो अर्धा इंच लांब आणि पावणेचार मिलिमीटर रुंद होतो. किटमधल्या पत्र्यांवर खिळ्यांचे फुगवटे ठसठशीत उठवलेले असतात, कारण ते छान दिसतात. पण खऱ्या पत्र्यावर खिळ्याचं डोकं सपाट ठोकलेलं. शहाण्णव पटींनी लहान झालं की ते डोळ्याला दिसूच नये. बारकावा जास्त म्हणजे अचूकता जास्त, असा समज आहे. कित्येकदा अचूकतेसाठी दिसण्याजोगी गोष्ट सोडून द्यावी लागते, आणि ते फार जड जातं, हे मी समजू शकते.

एक साधी कसोटी सांगते, नवख्यांना उपयोगी पडेल. पाच फूट सहा इंचांचा खलाशी या मापात साडेसतरा मिलिमीटरचा होतो. पुठ्ठ्याचा तेवढा माणूस कापून डेकवर उभा करा. कठडा त्याच्या कुठे येतो? जिन्याच्या पायरीवर त्याचा पाय पोचतो का? सुकाणूच्या चाकाला त्याचा हात लागतो का? या पुठ्ठ्याच्या माणसानं चांगली चांगली किट उघडी पाडली आहेत.

आणि मुंबईची हवा! सुती दोरा ओला झाला की आखडतो. जानेवारीत घट्ट बांधलेले दोर जुलैत असे ताणतात की वरची काठी वाकते. खऱ्या जहाजावरही पाऊस आला की दोर सैल करावे लागत. त्यामुळे मी सुती दोर बांधते ते पावसाळ्यातच, दमट हवेत. कोरड्या दिवसांत किंचित सैल पडतात, तेवढं चालतं.

इथवर पुरावा भरपूर असलेल्या जहाजाची गोष्ट झाली. आता ज्यासाठी हे लिहायला बसले तिकडे येते.

आपल्याकडे प्रदर्शनांत, भेटवस्तूंच्या दुकानांत, सत्कार समारंभांत ‘शिवकालीन जहाज’ म्हणून जी प्रतिकृती मिळते ती बघून माझ्या पोटात कालवतं. मागच्या बाजूला गॅलियन या जुन्या स्पॅनिश जहाजासारखी तीन मजली कोरीव पिछाडी, खोल कणा, तीन डोलकाठ्यांवर चौकोनी शिडं आणि वर भगवा. भगवा सोडला तर त्यात आपलं काहीच नाही. महाराजांच्या आरमाराबद्दल ज्यांना प्रेम आहे त्यांनीच हे थांबवायला हवं, कारण या प्रतिकृतीत त्या आरमाराची अक्कलच पुसली जाते. ते आरमार कोकणच्या खाड्यांसाठी बांधलेलं होतं. १६७९ मध्ये खांदेरीला इंग्रजांची मोठी जहाजं पहारा देत असताना मराठ्यांच्या लहान होड्या अंधारातून, उथळ पाण्यातून, वारा पडला की वल्ह्यांवर बेटापर्यंत रसद पोचवत राहिल्या. इंग्रजांना ते थांबवता आलं नाही. खोल कण्याचं, उंच पिछाडीचं जहाज हे करूच शकलं नसतं.

मग गुराब, म्हणजे मराठी आरमारातलं तोफांचं मोठं लढाऊ जहाज, दिसायची कशी? इथे आराखडे नाहीत. आपले मिस्त्री डोळ्यानं आणि हातानं बांधायचे. जहाजही नाही. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गावर इंग्रजांचा मारा चालू असताना ‘रिस्टोरेशन’ या जहाजावर तोफगोळा पडला. हे जहाज तुळाजी आंग्र्यांनी पूर्वी ईस्ट इंडिया कंपनीकडून जिंकून घेतलेलं. त्यावरची आग शेजारच्या गुराबांवर गेली आणि बंदरात उभं असलेलं आंग्र्यांचं आरमार जळालं. हा प्रसंग वाचते तेव्हा मला दर वेळी तेवढाच त्रास होतो. त्यातली एक गुराब जरी चिखलात रुतून राहिली असती!

उरतं ते वर्णन. रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकारानं आंग्र्यांच्या जहाजांचं वर्णन केलंय आणि ते माप घेऊन टेबलावर बसता येईल इतकं नेमकं आहे. गुराबीला बहुधा दोन डोलकाठ्या, काहींना तीन. तीनवाली साधारण ३०० टनांची, दोनवाली १५० टनांपर्यंत. लांबीच्या मानानं रुंदी खूप, पाणी फार थोडं लागतं. मधून पुढे निमुळती होत जाते आणि पुढे भूमध्य समुद्रातल्या गॅली या वल्ह्यांच्या जहाजासारखी लांब चोच निघते. या चोचीच्या मागे आडवी भिंत, भिंतीत भोकं, त्यांतून ९ किंवा १२ पौंडी, म्हणजे तेवढ्या वजनाचा गोळा फेकणाऱ्या, दोन तोफा थेट समोर डागायच्या. बाजूच्या तोफा ६ ते ९ पौंडी. गलबत त्याहून लहान, ७० टनांपर्यंत, ४० ते ५० वल्ही, ताशी चार मैल चाल. वारा पडला की गलबतं गुराबीला ओढून शत्रूच्या पिछाडीशी नेणार, आणि गुराब समोरच्या तोफांनी त्याच्या डोलकाठ्या पाडणार. ही रीत कळली की चोच तशी का, तोफा पुढे का, बूड उथळ का, सगळं एकमेकांत बसतं. चौकोनी कोरीव पिछाडीला यात जागाच नाही.

पण लक्षात घ्या, हे वर्णन अठराव्या शतकाच्या मध्याचं. महाराजांच्या काळापासून जवळजवळ ऐंशी वर्षं पुढचं. त्यामुळे माझ्या गुराबीखालच्या पाटीवर मी ‘शिवकालीन’ लिहिणार नाही. ‘आंग्रेकालीन, सुमारे १७५०’ एवढंच.

वर्णनात जे नाही ते कुठून आणायचं? काही गोष्टी या किनाऱ्यावर जहाजं कशी बांधत याच्या माहितीतून येतात. फळीच्या कडेला खाच पाडून पुढची फळी तीत बसवायची, मध्ये कापूस. दोर काथ्याचे, डांबराशिवायचे, तांबूस. शीड सुती. पाण्याखालच्या भागाला चुना आणि चरबी किंवा तेल यांचा लेप, म्हणजे बूड पांढरट. तपकिरी किंवा तांबड्या बुडाच्या गुराबी बघितल्या की मी तोंड फिरवते.

बाकीचं कोळीवाड्यात. वेसाव्याला एक जुने मिस्त्री आहेत, आता फायबरच्या होड्यांमुळे लाकडाचं काम फारसं राहिलेलं नाही. त्यांना मी फोनवर त्या सत्काराच्या जहाजाचा फोटो दाखवला. त्यांनी बराच वेळ बघितला आणि विचारलं, “ताई, ही पावसात कुठं ठेवणार? वर ओढायची तर हिचं पोट टेकणार कुठं? खाडीत घातली तर ओहोटीला कलंडंल.” मला कितीतरी पुस्तकांतून मिळालं नसतं ते एवढ्यात मिळालं. मग मी त्यांना माझा आडवा छेद दाखवला. त्यांनी पेन्सिल मागितली, कण्याजवळचा कोन जरा उघडला आणि म्हणाले, “आता बसंल.” ती पेन्सिलची रेघ मी खोडलेली नाही. वहीत तिच्यापुढे ‘मिस्त्रीकाकांचा अनुभव, १७५० चा पुरावा नव्हे’ असं लिहिलंय.

ही वही म्हणजे माझ्या कामाचा अर्धा भाग. प्रत्येक तुकड्यापुढे तो कशाच्या आधारे केला ते. आणि प्रतिकृतीतही ते दिसायला हवं, म्हणून ज्याला लेखी आधार आहे ते शिसवीत, गडद. जो माझा तर्क आहे ते हेदमध्ये, फिकट, बिनरंगाचं. एका गृहस्थांनी याला अर्धवट म्हटलं, एकसारखा रंग दिला तर किती छान दिसेल म्हणाले. दिसेल. पण मग बघणाऱ्या मुलाला कळणार कसं, की चोच आपल्याला माहीत आहे आणि मागचा कठडा मी कल्पनेनं घातलाय?

तर्क करण्याविरुद्ध मी नाही. २०२५ मध्ये नौदलात दाखल झालेली ‘कौंडिण्य’ ही शिवलेली नौका बघा. अजिंठ्याच्या भित्तिचित्रातलं एक जहाज, आराखडा नाही, अवशेष नाही. तरी बांधलं, फळ्या काथ्यानं शिवून, आणि कशावरून बांधलं ते उघड सांगितलं. चित्रातून तर्कानं आकार काढला, त्याची चाचणी घेतली, मग समुद्रात नेलं. असा तर्क मला शंभरदा मान्य आहे.

माझी गुराब सध्या शिडांपाशी अडली आहे. गलबताच्या मोठ्या त्रिकोणी शिडाबद्दल ऑर्म बोलतो. गुराबीवर नेमकी कुठली शिडं, शीड बांधायची आडवी काठी म्हणजे परबाण केवढं, कुठल्या काठीवर काय, याचा मला पटेल असा आधार मिळत नाही. चौकोनी शिडांची चित्रं आहेत, पण ती पुष्कळदा इंग्रजांच्या नोकरीतल्या गुराबींची. बराच विचार करून मी ठरवलंय की ही गुराब पावसाळ्यातली करायची. जून लागला की आरमार किनाऱ्यावर ओढायचे, विजयदुर्गाजवळ गिर्ये इथे खडकात कोरलेली गोदी आजही आहे. डोलकाठ्या उतरवलेल्या, शिडं गुंडाळून कोठारात, वरून माडाच्या झापांनी शाकारलेली, बाजूंना टेकू. असं केलं की मला जे माहीत नाही ते खोटं उभं करावं लागत नाही, आणि जे माहीत आहे, बूड, चोच, तोफांची भिंत, ते सगळं उघड्यावर दिसतं. चुन्याचं पांढरं बूड तर एरवी पाण्याखालीच गेलं असतं.

त्यासाठी मला टेकूंची माहिती हवी आहे. वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी नाखव्यांच्या पिढ्या झाल्या असतील, मालवण, देवगड, जयगड, हर्णै, कुठेही, आणि पावसाळ्यात वर ओढलेल्या पत्तेमारीचा किंवा मचव्याचा, म्हणजे कोकणातल्या शिडाच्या जहाजाचा, जुना फोटो असेल, तर कृपा करून कळवा. टेकू किती अंतरावर लावत, कण्याखाली ओंडके आडवे की उभे, झापं थेट डेकवर की बांबूच्या सांगाड्यावर, एवढं दिसलं तरी पुरे. फोटो कुठल्या सालचा ते मात्र आठवणीनं लिहा.